मशीनचं तोंड

खालापूरच्या आमच्या बौद्धवाडीत घड्याळाची गरज कुणाला नव्हती. वारा इकडचा असला की खोपोलीच्या कारखान्याचा भोंगा आमच्या चुलीपर्यंत यायचा. पहिल्या भोंग्याला आई तांदळाच्या पिठात उकळतं पाणी ओतायची आणि दुसऱ्या भोंग्यापर्यंत सहा भाकऱ्या टोपलीत पडलेल्या असायच्या. बाबा त्या कारखान्यात फिटर. सायकलच्या दांड्याला डबा अडकवून ते निघायचे, आणि निघताना डब्याचं झाकण उघडून बघायचे. वालाचं कालवण असलं की शीळ, जवळ्याची चटणी असली की काहीच नाही. घरात भिंतीवर बुद्धाची तसबीर, तिच्याखाली माझी दहावीची, बारावीची आणि टायपिंगची सर्टिफिकिटं काचेत बसवलेली. पाहुणा आला की त्याला आधी पाणी आणि मग सर्टिफिकिटं, असा बाबांचा क्रम होता. माझी धाकटी बहीण लता त्या भिंतीला माझं देऊळ म्हणायची. मी चिडायचे, पण ते बोलणं मला आवडायचंही. आपण हुशार आहोत हे मला फार लवकर कळलं होतं, आणि ते इतरांना कळेपर्यंत धीर धरायची माझी तयारी नव्हती.

रसायनीच्या एका केमिकल कारखान्याच्या ऑफिसात मी लागले ती तात्पुरती म्हणून. सहा महिन्यांचा कागद, तो संपला की दुसरा. तिथं नुकताच कंप्युटर आला होता. त्याच्यासाठी वेगळी खोली, खोलीला एसी आणि दाराबाहेर चपला काढायची सक्ती. आमचे साहेब पुण्याचे. त्यांनी त्या खोलीला मनातल्या मनात गाभाराच करून टाकलं होतं. त्या मशीनवर आम्ही दोघं बसायचो, मी आणि दिनकर पाटील. दिनकर जवळच्याच गावातला शेतकऱ्याचा मुलगा. कारखान्यासाठी त्यांची जमीन गेली होती आणि बदल्यात त्याला टाईम ऑफिसात चिकटवलं होतं. घरी भाताची गिरणी होती. तोही तात्पुरताच. साहेबांनी आम्हा दोघांना समोर उभं करून सांगितलं होतं की ऑपरेटरची कायम जागा एकच आहे आणि दिवाळीनंतर ती एकालाच मिळेल. सांगताना त्यांना मजा वाटत होती. एका हाडावर दोन कुत्री सोडून बघत बसणारी माणसं असतात, त्यातले ते होते.

त्या एकाच पेटीत दोन बिऱ्हाडं होती. एक डॉस. त्यात कामगारांची हजेरी, रजा, ओव्हरटाईम आणि ऑफिसची पत्रं. दुसरं युनिक्स, त्यात सगळा स्टोअरचा माल. दोन्ही एकदम चालत नसत. उद्या सकाळी कुठल्या बिऱ्हाडाचं दार उघडायचं, ते आदल्या संध्याकाळी मशीनला एका आज्ञेनं सांगून ठेवावं लागे. ते सांगताना चूक झाली की सकाळी मशीन सुरूच व्हायचं नाही, नुसती काळ्या पडद्यावर एक ओळ. असं दोनदा झालं होतं आणि दोन्ही वेळा दिनकरनं ते दुरुस्त केलं होतं. त्याच्यासाठी एक खास फ्लॉपी होती, तिला तो चावी म्हणायचा. चावी घालून मशीन चालू करायचं, दोन बिऱ्हाडांच्या आतल्या भिंती कुठं आहेत ते बघायचं, दार बदलायचं आणि चावी काढून परत बटण दाबायचं. हे सगळं त्यानं शंभर पानी वहीत निळ्या शाईनं लिहून ठेवलं होतं, प्रत्येक पायरीला आकडा घालून. माझ्याकडं वही नव्हती. मला लागत नव्हती, आणि हे मी त्याला अधूनमधून सांगायचे.

आता माझी नात मांडीवर मशीन घेते, झाकण उघडते आणि ते चालू झालेलं असतं. आत काय कशाच्या आधी जागं होतं हे तिला ठाऊक नाही आणि विचारायची गरजही नाही. मला मात्र तेव्हा एक गोष्ट ठाऊक होती, जी दिनकरला नव्हती. आषाढात तो लावणीसाठी आठ दिवस रजेवर गेला होता. तेव्हा मुंबईहून मशीनचा इंजिनिअर आला. जिना उतरता उतरता तो मला म्हणाला, "मॅडम, एक ध्यानात ठेवा. हे मशीन उठल्या उठल्या आधी फ्लॉपीच्या फटीत बघतं. तिथं चावी नसलेली साधी फ्लॉपी सापडली, की तिथंच अडून बसतं, आत जातच नाही. काही बिघडलेलं नसतं. फ्लॉपी काढायची, संपलं." दिनकर परत आला तेव्हा त्यानं विचारलं, इंजिनिअर काय म्हणाला गं? मी म्हटलं, काही नाही, धूळ पुसून गेला.

मी हे का केलं ते सांगते. माफी मागायची म्हणून नाही, नीट कळावं म्हणून. चैत्रात दिनकरच्या गावची जत्रा होती आणि त्यानं सगळ्या ऑफिसला जेवायला बोलावलं होतं. ओटीवर पंगत बसली, मीही बसले. मटण, तांदळाच्या भाकऱ्या, वर कांदा. मी खरंच मनापासून जेवले. पंगत उठली. सगळ्यांची ताटं जागेवर राहिली, ती उचलायला दोन बायका होत्या. दिनकरची आई माझ्यासमोर येऊन उभी राहिली आणि सगळ्यांच्या देखत म्हणाली, "ए पोरी, तुझं ताट तेवढं विहिरीवर विसळून ठेव गं. आन् वायलं ठेव, बाकीच्यांत मिसळू नको." स्टोअरचा क्लार्क दातातलं मटण कोरत माझ्याकडं बघत होता. टायपिस्ट बाईंनी मान दुसरीकडं वळवली. दिनकर हातात भाताची परात घेऊन उभा होता. तो परातीकडं बघत राहिला. मी विहिरीवर गेले, ताट राखेनं घासलं, विसळलं आणि कठड्यावर वेगळं उपडं घातलं. दुसऱ्या दिवशी ऑफिसात तो म्हणाला, "आई जुन्या वळणाची हाय गं. मनावर नको घेऊ." मी म्हटलं, "छे, मनावर कशाला?" मी हसून म्हटलं, आणि तेव्हापासून सहा महिने मी त्याच्याशी हसूनच बोलत होते.

मग खंडेनवमी आली. प्लँटमध्ये पंपांना, बॉयलरला, वजनकाट्याला हार पडले. साहेब म्हणाले, कंप्युटरचीही पूजा झाली पाहिजे. दिनकर सकाळी आंघोळ करून, धुतलेला शर्ट घालून आला. पाट मांडला, त्यावर बॅकअपच्या सगळ्या फ्लॉप्या ओळीनं ठेवल्या. महिनाभराची हजेरी त्या फ्लॉप्यांवर उतरवून ठेवलेली असायची, मशीन कधी दगावलं तर परत भरायला. फ्लॉप्या म्हणजे आपली हत्यारं, त्यांची पूजा नको? त्यानं पाण्यात कालवलेलं हळदकुंकू बोटावर घेतलं आणि एकेका फ्लॉपीला ओला टिळा लावला, वर अक्षता. मशीनला झेंडूचा हार. मग पाटावरची एक फ्लॉपी उचलून कपाळाला लावली आणि फटीत सरकवून वरची कडी खाली पाडली. साहेबांनी विचारलं, "हे काय?"

"गिरणीत असंच करतो आमी, साहेब," दिनकर म्हणाला. "पूजा झाली का गिरणीच्या तोंडात मूठभर तांदूळ ठिवायचे. कोजागिरीपर्यंत मशीनचं तोंड रिकामं ठिवत नाय. मधी काम केलं तरी उठताना परत भरायचं."

साहेबांना ते फार आवडलं. "वा," म्हणाले, "हे आमच्या पुण्यात नाही." पेढे वाटले. मी दाराशी चपलांजवळ उभी होते. मी हात जोडत नाही हे सगळ्यांना माहीत होतं आणि त्यावर कुणी बोलत नसे, नुसतं बघत. कडी खाली पडली तेव्हाच मला कळलं की दसऱ्याची सुटी संपली की सकाळी काय होणार आहे.

आणि तसंच झालं. मी आले तेव्हा दिनकर मशीनसमोर होता. काळा पडदा, आणि त्यावर डिस्कचा काहीतरी दोष असल्याची एक ओळ. हाराच्या झेंडूंमागून फटीची कडी खाली पडलेली स्पष्ट दिसत होती. मी खुर्ची ओढून बसले. दिनकरनं वही उघडली. आधी दोनदा दाराचीच चूक निघाली होती, म्हणून तो आताही दारच बघणार होता. त्यानं कडी उघडली, पूजेची फ्लॉपी काढली, कपाळाला लावली आणि मशीनवर ठेवली. चावी घातली, मशीन सुरू झालं, त्यानं डॉसचं दार पक्कं केलं. चावी काढली. आणि पूजेची फ्लॉपी परत आत सरकवून कडी पाडली. बटण दाबलं. पुन्हा तीच ओळ.

मी हे तीन वेळा पाहिलं. तिन्ही वेळा फ्लॉपी बाहेर, कपाळाला, मशीनवर. चावी आत, चावी बाहेर. आणि फ्लॉपी पुन्हा आत. तिसऱ्या वेळी त्यानं युनिक्सचं दार पक्कं करून पाहिलं. तरी तेच. एसीमध्ये त्याच्या मानेवरून घाम उतरत होता. दोनशे कामगारांच्या हजेऱ्या त्या मशीनमध्ये होत्या आणि दिवाळी तोंडावर आली होती. साहेब दोनदा डोकावून गेले. दुसऱ्यांदा म्हणाले, "पाटील, ही भाताची गिरणी नाही. पट्टा सरकला म्हणून लाथ घातली आणि सुरू झाली, असं होत नसतं इथं." बाहेरून दोघंतिघं हसले. मीही हसले, कारण दिनकरनं माझ्याकडं पाहिलं होतं.

मग त्यानं ते विचारलं. "सुनंदा, डॉसची भिंतच खराब झाली असंल का? ती पाडून नव्यानं घातली तर?"

एवढ्या दिवसांत त्यानं कामात माझा सल्ला कधी घेतला नव्हता. नुसती मान हलवली असती तरी चाललं असतं. मी म्हटलं, "असू शकतं."

"आतलं सगळं जाईल."

"बॅकअप आहे की."

"हां. बॅकअप हाय." त्याचा चेहरा उजळला. त्यानं चावी घातली, एकेक आकडा दाबत तो त्या शेवटच्या प्रश्नापर्यंत गेला. मशीन विचारत होतं की यातली सगळी माहिती नष्ट होऊ शकते, पुढं जायचं का? हो असेल तर वाय. त्याचं बोट त्या अक्षरावर टेकलं आणि थांबलं. तो माझ्याकडं वळला.

"वाय दाबू का गं?"

"दाब की," मी म्हटलं.

बॅकअप आहे अशा समजुतीनं मी तसं म्हटलं, असं मी पुढं कितीतरी वर्षं स्वतःला सांगत होते. ते खोटं आहे. ओलं कुंकू फ्लॉपीच्या त्या उघड्या पट्टीवर, जिथं साधं बोटही लावायचं नाही असं आम्हाला पहिल्या दिवशी शिकवलं होतं, तिथं लागताना मी नवमीला दाराशी उभी राहून पाहिलं होतं. दिनकरनं मान खाली घालून, भक्तीनं टिळे लावले होते. मी मात्र एकेक टिळा मोजला होता.

भिंत पडली. दिनकरनं फ्लॉपी परत आत घातली, बटण दाबलं, आणि तीच ओळ पुन्हा आली. साहेब आत आले, त्याला दंडाला धरून व्हरांड्यात घेऊन गेले आणि तिथं झाडायला लागले. मी एकटी राहिले. मी कडी उघडली, पूजेची फ्लॉपी काढून खणात टाकली. युनिक्सचं दार तसंच पक्कं होतं. बटण दाबलं. मशीननं रिकाम्या फटीत पाहिलं, आत गेलं आणि सुरू झालं. मला त्या घरघरीचा आवाज अजून आठवतो. मी दार उघडून म्हटलं, "साहेब, स्टोअरचा भाग चालू झाला. हजेरीचा गेला." साहेब पळत आले. पडदा बघून त्यांनी माझ्याकडं पाहिलं आणि म्हणाले, "तुमच्यातल्या मुली आता फार हुशार निघायला लागल्या." त्यांच्या मागं दिनकर उभा होता. तो इतक्या सुटकेनं हसला, की मला त्याचा राग आला. मग बॅकअपच्या फ्लॉप्या आणल्या. एकेक घातली, एकेक खरखरली. एकही वाचता आली नाही.

त्या संध्याकाळी मी घरी हे सगळं जेवताना सांगितलं. काही लपवलं नाही. कपाळाला फ्लॉपी लावणं करून दाखवलं, मान पुसणं करून दाखवलं. बाबांनी हातातला घास खाली ठेवला आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. "चांगली जिरवलीस," म्हणाले. "बापाला जल्मात जमलं नाय, ते पोरीनं केलं." बाबांना शाळेत दाराबाहेर बसवायचे, ते मला माहीत होतं, म्हणून त्यांचं हसणं मला बक्षिसासारखं वाटलं. लतानं तर ती ओळ उचललीच. दिव्याचं बटण दाबताना, पिठात बोट घालताना, "वाय दाबू का गं?" अशी दिनकरसारखी मान वळवून विचारायची आणि घर हसायचं. तिच्या लग्नापर्यंत आमच्या घरात ते चाललं. एकट्या आईनं त्या रात्री विचारलं, "त्या पोराची नोकरी जाईल का गं?" मी म्हटलं, "जाऊ दे की." आईनं माझ्या ताटात भात वाढला. मी आणखी मागितला.

पुढचे पंधरा दिवस टाईम ऑफिसच्या रजिस्टरांतून सगळी हजेरी नव्यानं भरण्यात गेले. पगार उशिरा झाला, कामगार गेटवर जमले आणि त्यांनी दिनकरच्या नावानं शिव्या दिल्या. त्याच्या गावचेच होते निम्मे. एकानं त्याच्या सायकलच्या दोन्ही चाकांतली हवा सोडली. साहेबांनी त्याच्याकडून लेखी खुलासा मागितला. तो त्यानं वहीच्या कागदावर लिहून आणला होता. साहेब मला म्हणाले, "हे टाईप करा, त्याची सही घ्या आणि बदलीच्या पत्राबरोबर माझ्याकडे द्या." बदली प्लँटमध्ये, ड्रम भरायच्या खात्यात. तिथं सहा महिन्यांत माणसाच्या बोटांची कातडी सोलवटायला लागते. दिनकर पुढं तिथूनच रिटायर झाला.

मी मराठी टाईपरायटरला कागद लावला. दिनकर टेबलापलीकडं उभा होता, त्याला बसायला मी सांगितलं नाही. खुलाशात त्यानं सगळं आकडे घालून लिहिलं होतं. दार पक्कं केलं, दुसरं दार पक्कं केलं, भिंत पाडली. आठव्या आकड्यावर लिहिलं होतं, 'वाय हे बटण मी कोणालाही न विचारता, स्वतःच्या बुद्धीने दाबले.'

माझे हात थांबले. मग मी ती ओळ टाईप केली, जशीच्या तशी. कागद काढला, त्याच्यापुढं ठेवला. त्यानं पेन काढलं आणि सही करायच्या आधी म्हणाला, "मला आता तिथं परत यायचं नाय. पर डोक्यातून जात नाय गं. इतकं सगळं केलं, तरी सुरू का झालं नाय? तू काय केलंस?"

बिघाड आपोआप गेला असं मी म्हणू शकले असते. त्याला ते पटलंही असतं. पण ती आठव्या आकड्याची ओळ मला सहन होत नव्हती. त्यानं माझ्यावर उपकार करावेत, हे मला मान्य नव्हतं.

"फ्लॉपी आत होती," मी म्हटलं. "पूजेची. ती असली की मशीन आत जातच नाही. नुसती काढायची होती."

त्याचा हात कागदावर होता.

"तुला कधी कळलं?"

"नवमीलाच. तू आत घातलीस तेव्हा."

टाईपरायटरच्या खोलीत पंखा फिरत होता आणि कागदाचा एक कोपरा वर उचलला जात होता. दिनकरनं तो कोपरा बोटानं दाबून धरला. का, असं त्यानं विचारलं नाही. विचारलं असतं तर माझ्याकडं उत्तर तयार होतं. त्यानं खुलासा पुन्हा पहिल्यापासून वाचायला घेतला, ओळीखाली पेन फिरवत. आठव्या आकड्याशी पेन थांबलं. मी वाट बघत होते. खोड म्हणाला असता तर मी खोडणार होते, दुसरा कागद लावून पुन्हा टाईप करणार होते, माझं नाव घालून. निदान आज मी असं म्हणते.

पेन पुढं गेलं. शेवटच्या ओळीखाली त्यानं पूर्ण नाव लिहून सही केली, बापाच्या नावासकट.

"माझं तर गेलंच," तो म्हणाला. माझ्याकडं न बघता त्यानं पेनाला टोपण लावलं. "दोगं गेलो तर जागा तिसऱ्यालाच जाईल."

तो चपला घालून प्लँटच्या बाजूला निघून गेला. मी कागद उचलला, शाई वाळली का ते बघितलं आणि साहेबांच्या टेबलावर नेऊन ठेवला.